अर्ज कुठवर आला

माझी शाळा चौथीपर्यंत. घोटावड्याच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन आहे. मोबाइल मात्र मला येतो. बायको आजारी होती तेव्हा शिकलो. तिची औषधं मोबाइलवरून मागवायचो. कोण घेऊन निघालंय, कुठवर आलंय, सगळं नकाशात दिसायचं. ती खाटेवर पडल्या पडल्या मोबाइल धरून बघत बसायची. "आला पिरंगुटात. आता च्या प्यायला थांबलाय मेला, हलंना," म्हणायची. तेवढा वेळ दुखणं विसरायची.

ती गेली. वर्षश्राद्धाला मला रजा हवी होती. आता रजेचा कागद चालत नाही, गेटवरच्या कॉम्प्युटरवर अर्ज टाकायचा. पंधरा दिवस आधी टाकला. रोज उघडून बघायचो, रोज एकच, 'पेंडिंग'. कुणाकडे आहे, कधी होईल, काही नाही. पूर्वी मी एवढं विचारलंही नसतं. साहेब देईल तेव्हा रजा, असं म्हणून उभी नोकरी काढली. मोबाइलनं सवय बिघडवली.

दोन दिवस उरले तसा वर ऑफिसात गेलो. रजेचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मामा, सिस्टीममध्ये टाकलाय ना? मग होईल."

"कवा हुईल? गोळ्यांचं पाकीट कुटं पोचलं ते मला घरात बसून दिसायचं. माजा अर्ज ह्याच इमारतीत हाय, आन् त्यो दिसंना?"

"ते ॲप वेगळं असतं हो, मामा."

"येगळं कशापायी? परवा बायकोचं वर्षश्राद्ध हाय. ते काय पेंडिंग ऱ्हाणार न्हाई."

त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये शोधून म्हणाल्या, "अहो, हा जुन्या साहेबांच्या नावावर पडलाय. ते तर गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेले."

"म्हंजी मी मोकळ्या खुर्चीला हात जोडत हुतो व्हय?"

त्यांना हसू आलं, ते आवरलं, आणि माझ्यासमोरच मोठ्या साहेबांना फोन लावून त्यांनी रजा मंजूर करून घेतली.

श्राद्धाला मी घरी होतो. नेऱ्याहून तिची धाकटी बहीण आली. खीर मी केली. तळाला जरा लागली.

"दाजी, आक्काचीबी लागायचीच," बहीण म्हणाली.

"व्हय," म्हटलं, आणि तिला अजून वाढली.