महादेवाचे मे महिने

आमच्या शेजारच्या महादेवाला आंबे काढताना मी लहानपणी एकदाच पाहिलं. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि गोव्यातल्या तुये गावच्या आमच्या वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले लोक नव्या नवरीला बघायला म्हणून त्याच्या अंगणात काहीतरी निमित्त काढून जात होते. नवरी देवकी मांद्रे गावची. ती मानकुराद आंब्याच्या झाडाखाली गवत घातलेली पाटी घेऊन उभी होती आणि महादेव वर दोन फांद्यांच्या बेचक्यात बसून घळ चालवत होता.

घळ म्हणजे आंबे काढायचा लांब बांबू. कुणी त्याला झेला म्हणतात. टोकाला वेताचं कडं, कड्याला सुतळीची जाळी आणि कड्याच्या तोंडाशी एक धारदार पातं. आंबा जाळीत घ्यायचा, देठ पात्यावर आणायचा आणि मनगटाला हलका झटका द्यायचा. देठासकट आंबा जाळीत पडतो. तो खाली आपटत नाही, चीक अंगावर ओघळत नाही, म्हणून डाग न पडता पिकतो. महादेवाचा बाप धाकू यात पटाईत होता आणि त्याचा हात पोराला आला होता. घळ भरली की महादेव बांबू हळूहळू खाली सोडायचा आणि देवकी दोन्ही हातांनी जाळी धरून आंबे पाटीत ठेवायची. दोघं फारसं बोलत नव्हती. एकदा जाळी रिकामी झाल्यावरही तिनं ती सोडली नाही, तेव्हा वरून महादेव म्हणाला, "गे, सोड आता." वाड्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर महादेव डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायला गेला. घरची शेती चार महिन्यांचे तांदूळ द्यायची, बाकीच्या दिवसांसाठी काहीतरी करणं भागच होतं. खाणीवरून लोखंडाची लाल माती भरायची आणि आमोणे गावी नदीवरच्या जेटीवर नेऊन बार्जमध्ये, म्हणजे मालवाहू बोटीत ओतायची, असं काम. आमोण्यालाच चारपाच ड्रायव्हरांनी मिळून एक खोली घेतली होती.

पहिल्या वर्षी एप्रिल संपत आला तसा तो ट्रकमालक गोकुळदासकडे गेला.

"आठ दिवस सोडा माका. आंबे काढूचे आसत."

गोकुळदास हसला. "मे महिन्यात? अरे, पावसाआधी बोटी भरून जायला हव्यात. एकदा पाऊस लागला की चार महिने झोप घरी. तेव्हा काढ आंबे."

पाऊस लागला, ट्रक थांबले आणि महादेव घरी आला. झाडावर एक आंबा नव्हता. पानांतून पाणी गळत होतं. तो त्या पावसातच झाडाखाली जाऊन उभा राहिला. देवकीनं दारातून हाक मारली तेव्हा आत आला.

पुढेही असंच होत राहिलं. मोहर येताना तो जेटीच्या रस्त्यावर असायचा, कैऱ्या भरताना तिथेच असायचा, आणि घरी यायचा तेव्हा झाड रिकामं. आमोणे काही परदेशात नव्हतं. सकाळी निघालं तर दुपारी घर गाठता आलं असतं. अधूनमधून तो एखाद्या रात्रीपुरता येऊनही जायचा. पण आंबे काही त्याच्या एका रात्रीसाठी थांबत नव्हते.

एकदा डिचोलीच्या रस्त्यावर एक म्हातारा कुंपणापाशी घळ घेऊन धडपडताना त्याला दिसला. महादेवानं भरलेला ट्रक कडेला घेतला आणि खाली उतरला. "बाबा, एक काढू?" मागच्या ट्रकांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. त्यानं घळ हातात घेतली, उंचावरचा एक आंबा हेरला आणि अलगद उतरवला. आंब्यावर लाल धुळीचा थर होता. तो त्यानं शर्टाला पुसला, म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि परत ट्रकवर चढला. हे त्यानंच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना त्याचं मनगट नकळत हललं.

इकडे घरी पहिली काही वर्षं बाबली नावाचा गडी आंबे काढायला यायचा. त्याला घळीचा कंटाळा. तो फांद्या हलवायचा. निम्मे आंबे फुटायचे, उरलेले आढीत काळे पडायचे. देवकी एक पाटी डिचोलीच्या बसवर कंडक्टरकडे द्यायची, ती संध्याकाळी महादेवाच्या खोलीवर पोचायची. महादेव एकेक आंबा उचलून बघायचा आणि सोबत्यांना वाटून टाकायचा.

मग एका वर्षी पाटी आली ती वेगळीच. प्रत्येक आंब्याला बोटभर देठ. कुठे डाग नाही, कुठे ओरखडा नाही. त्या रात्री त्यानं आंबे वाटले नाहीत.

पावसात घरी आल्यावर त्याचा पहिला प्रश्न तोच होता. "आंबे कोणी काढले गे?"

"मी."

"बाबली येवंक नाय?"

"मीच नको म्हटलंय. तो झाड हलयता."

"तू झाडार चढलंस?"

"बेचक्यापर्यंत."

महादेव हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं घळ उतरवली, बांबू तिच्या हाताला झेपेल इतका कापला आणि सुतळीचं बंडल घेऊन ओसरीवर नवी जाळी विणायला बसला. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो जाळी विणायचा. शेतातलं काम आटपलं की बाहेर पाऊस, आत ओसरीवर महादेव आणि त्याच्या बोटांत सुतळी. जुनी जाळी चांगली असली तरी नवी विणायचा. आंबे काढायचा मोसम गेला होता आणि पुढचा त्याच्या वाट्याला यायचा नव्हता. एवढंच काय ते त्याच्या हातात होतं.

देवकीनं वाड्यावरची बोलणीही ऐकली. बायकामाणसानं झाडावर चढायचं म्हणजे काय, असं म्हणणारे पुढे तिच्याकडेच आंबे मागायला येऊ लागले.

२०१२ साली पाऊस सरला, पण बंदी आल्यामुळे खाणी सुरू झाल्या नाहीत. ट्रक दारादारांत उभे राहिले. सगळ्यांच्या घरी काळजी होती, महादेवाच्याही होती. पण पौषात झाडाला मोहर आला तेव्हा तो रोज सकाळी चहाचा पेला घेऊन झाडाखाली जाऊन बसू लागला. तीस वर्षांपेक्षा जास्त काळ त्यानं त्या झाडाचा मोहर नीट पाहिला नव्हता. चैत्रात तो कैऱ्या वाढताना बघायचा. देवकीला म्हणाला, "यंदा मी काढतलंय. तू फक्त पाटी धर."

मे महिन्यात एका सकाळी तो वर चढला. आम्ही शेजारीपाजारी बघायला गेलो. बेचक्यात बसला, बांबू उचलला आणि पहिलाच आंबा जाळीच्या बाहेरून खाली आला. दुसराही आला. झाड आता कितीतरी उंच झालं होतं आणि डोळ्यांत धुळीच्या सगळ्या वर्षांचं पाणी. देठ त्याला दिसेचना.

"डाव्या बाजूक बघा," देवकी खालून म्हणाली. "पानांच्या मागे तीन आसत."

"खंय?"

"त्या वाकड्या फांदीच्या वर. थंय दरवर्षी असतत."

त्यानं घळ तिकडे नेली. तीनपैकी दोन पडून फुटले. तो तसाच बसून राहिला, मग बांबू तिच्या हातात सोडून खाली उतरला.

"तुका सगळा झाड पाठ झाला," तो म्हणाला. "मी ह्या झाडाचो पावणो."

देवकीनं फुटलेले आंबे गोळा केले. मग म्हणाली, "तुमी आंब्यांक आठवत होतास. बेचक्यातसून रस्तो दिसता. मी आंबे काढी आणि बस इली काय बघी. तुमी काय येवचे नाय म्हायत होता, तरी बघी."

आम्ही शेजारी काहीतरी बोलून आपापल्या घरी गेलो.

दुसऱ्या दिवसापासून देवकी वर आणि महादेव खाली. भरलेली जाळी तो दोन्ही हातांनी धरायचा, आंबे एकेक करून गवतात ठेवायचा. खालच्या फांदीवरचे तो स्वतः काढायचा. हात थोडा परत आला, पूर्वीसारखा मात्र कधीच नाही. मध्ये काही खाणी पुन्हा चालू झाल्या आणि गोकुळदासच्या मुलाचा फोन आला. महादेवानं आपल्या जुन्या ट्रकचा नंबर सांगितला, तो आता कोण चालवतो ते विचारलं, आणि येत नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर दिवसभर त्याचं कशात लक्ष लागलं नाही.

त्यानंतर एक वर्ष झाड रुसलं. मोहरच आला नाही. मे महिना आला आणि दोघांना काही काम नव्हतं. खाणीही तेव्हा परत बंद पडल्या होत्या. देवकी म्हणाली, "माका आमोण्याक व्हरा. तुमचे मे महिने खंय गेले ते बघूचे आसत."

ती दोघं बसनं गेली. जेटी सुनसान होती. दोन बार्ज गंजून पाण्यात उभ्या होत्या. ज्या खोलीत तो राहायचा तिला कुलूप होतं, तरी त्यानं खिडकी दाखवली आणि आपली चटई कुठे असायची ते सांगितलं. मग ट्रक कुठून यायचा, कुठे वळायचा, माती कुठे ओतायचा, ते सगळं हातवारे करून दाखवलं. देवकी ऐकत राहिली.

"दुपारी असा ऊन असताना चालवत होतास?" तिनं विचारलं.

"दुपारीच जास्त खेपा."

दुपार चढत होती. महादेव नदीकाठच्या सावलीत जाऊन बसला आणि त्यानं तिला दोनदा हाक मारली. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि ती जेटीच्या तापलेल्या दगडांवर, जिथे तो ट्रक मागे घेऊन उभा करायचा तिथे, परतीच्या बसची वेळ होईपर्यंत उभी राहिली.