सातचा भोंगा

विद्यार्थ्याच्या यशामागे सगळा समाज खंबीरपणे उभा असतो. माझ्या भाचीच्या बाबतीत तो तिच्या घराच्या सोप्यात बसलेला असायचा आणि चहा प्यायचा.

बहिणीचं सासर आटपाडीकडच्या एका गावात. तिथं ग्रामसभेत ठराव झाला: संध्याकाळी सातला पंचायतीवरचा भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होतील आणि पोरं अभ्यासाला बसतील. कल्पना चांगली होती. फक्त टीव्ही बंद झाल्यावर मोठ्या माणसांनी काय करायचं, हे ठरावात नव्हतं. म्हणून मोठ्या माणसांची देखरेख समिती झाली.

भाची बारावीला. त्या वर्षी गावात सायन्सला ती एकटीच, त्यामुळं समितीचा सगळा जीव तिच्यावर. भोंगा वाजला की सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि रिकामे असतील ते सदस्य सोप्यात हजर. एकजण तिचा पुस्तकासकट फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायचा. समितीच्या मोबाइलला बंदी नव्हती. मग डाळिंबाचा भाव निघायचा, भावकीतली भांडणं निघायची. मध्येच कुणीतरी दटावायचा, "हळू बोला रं, पोरगी अभ्यास करतीया." तेवढंच काय ते हळू बोललं जायचं.

एकदा बहीण म्हणाली, "आवं, तुमी उठला तर ती अभ्यास बी करंल."

सगळे मनापासून हसले आणि बसून राहिले.

प्रिलिमला भाची फिजिक्समध्ये नापास झाली. तिचे वडील फौजेत, पोस्टिंग जम्मूला. ते फोनवर एवढंच म्हणाले, "बोर्डात असंच झालं तर कॉलेज बास. कराडच्या स्थळाला व्हय म्हणून टाकू." कराडच्या मुलाचा फोटो येऊन पडला होता. तो मोटरसायकलवर बसला होता. मोटरसायकल चांगली होती.

समितीनं या निकालावर गंभीर चर्चा केली, अर्थात सोप्यातच. देखरेख कमी पडली असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून मंडळी भोंग्याच्या आधीच येऊ लागली.

तेव्हा बहिणीनं कुलूप आणलं. सातच्या आत पोरीला मागच्या खोलीत बसवायचं, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं आणि आपण धाकट्या मुलीला घेऊन शेजारच्या अंगणात शेंगा फोडत बसायचं.

पहिल्याच दिवशी समिती कुलपासमोर थबकली. "आवं ताई, पोरगी कुठं हाय?"

"मामाकडं गेलीया आटपाडीला. त्यो शिकीवतोय आता रोज सांजचं."

"मग लय ब्येस झालं," सरपंच म्हणाले. "मामा प्रोफेसर हाय."

मी प्रोफेसर आहे, हे खरं. मराठीचा.

बोर्डात फिजिक्समध्ये भाचीनं कॉलेजात पहिला नंबर काढला. वडिलांनी सुट्टीवर येऊन स्वतः सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेऊन दिला आणि कराडची मोटरसायकल दुसऱ्या गावाकडं वळली. गावानं सत्कार ठेवला. फ्लेक्सवर समितीचे फोटो मोठे होते. भाची खाली कोपऱ्यात, पुस्तकासकट. मार्गदर्शक म्हणून मला शाल आणि नारळ मिळाला, आणि 'यशाचे घटक' या विषयावर बोलायला लावलं. मी चिकाटी, संस्कार वगैरे सांगितलं. खाली बसताना शेजारून भाची पुटपुटली, "मामा, ऑप्टिक्स छान शिकवलंत हां."

मग सरपंच उठले. "आपला भोंगा नसता, तर आज ही पोरगी कुठं असती?"

हा प्रश्न मलाही पडला होता.

तेवढ्यात सात वाजले आणि भोंगा वाजला. सरपंचांनी त्याच्याकडं हात करून टाळ्या घेतल्या आणि भाषण पुढं चालू ठेवलं. बायकांच्या रांगेतून बहीण उठली, धाकटीला हाताला धरून घरी घेऊन गेली आणि थोड्या वेळानं किल्ली कमरेला खोचत एकटीच परत येऊन बसली.

धाकटीची यंदा दहावी आहे.