पेटीवर छापलेलं केळीचं पान

बोईसरच्या आमच्या कारखान्यात युरोपात जाणाऱ्या फळांच्या पेट्या बनतात. आधी प्लास्टिकचे पारदर्शक डबे बनायचे. मग तिकडच्या लोकांना प्लास्टिकचा एकदम वीट आला आणि आम्ही पुठ्ठ्यावर आलो. मशीनवरचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, अब उनको सब नॅचरल चाहिए." नॅचरल म्हणजे काय, तर तपकिरी पुठ्ठा आणि झाकणावर हिरवंगार केळीचं पान. छापलेलं! त्या हिरव्या रंगासाठी मी आठवडाभर डोकं फोडून घेतलं, कारण साहेबांना तो काही केल्या ताजा वाटेना.

केळव्याला बाबांची चिकूची वाडी आहे. म्हणजे होती. आजूबाजूला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या उठल्या, तसा माझा भाऊ हात धुऊन बाबांच्या मागे लागला. झाडं काढा, आपणही खोल्या बांधू. शेवटी बाबांनी त्याला शब्द दिला, "या हंगामात चिकूला बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं तर झाडं राहतील. नायतर तू म्हणशील तसं."

मग मीच धावाधाव केली. आमच्या पेट्या घेणाऱ्या एका निर्यातदाराला गळ घातली. तो नमुन्याची एक खेप घ्यायला तयार झाला.

सुट्टी टाकून केळव्याला गेले. चिकू धुतले, सावलीत सुकवले, एकेक करून पेटीत बसवले. बाबांना बजावलं, "यात पेंढा घालायचा नाही, काही घालायचं नाही." ते "बरं" म्हणाले. मी टेम्पोवाल्याला घर दाखवायला नाक्यावर गेले, परत येईपर्यंत त्यांनी पेट्या बंद करून ओट्यावर रचल्यासुद्धा होत्या. मला बरंच वाटलं.

निर्यातदाराच्या गोदामात पहिली पेटी उघडली. चिकूंच्या खाली केळीचं पान! उन्हात धरून मऊ केलेलं, कडा नीट दुमडलेलं. दुसरीत तेच, तिसरीत तेच. तिथल्या माणसाने मेलेला उंदीर उचलावा तसं पान दोन बोटांत धरलं आणि विचारलं, "मॅडम, ये कचरा किसने डाला?" पानातून कीड जाते, असं पान मिळालं तर माल तिकडून परत येतो, म्हणून सगळी खेप बाद. मी पुन्हा भरून देते म्हटलं, हातापाया पडले, पण त्याने ऐकलं नाही. "भरोसा नहीं रहा," म्हणाला.

कचरा म्हणे! अरे, त्याच पानाचं चित्र तुझ्या पेटीवर आहे, ते काय मग? पण हे मी त्याला बोलले नाही. घरी येऊन बाबांवर ओरडले. नको नको ते बोलले.

ते शांतपणे म्हणाले, "अगं, चिकू पुठ्ठ्याला घासला का डागतो. आमी जन्मभर करंडीत पान घालतो. तू नको म्हणालीस, तवा मी ठेवलंच होतं बाजूला. मग झाकण लावताना बघितलं, त्यावर पान हाय. सगळे चिकू काढले, पानं घालून परत भरले. म्हटलं, तिकडच्या लोकांनीच छापून सांगितलंय, खाली पान घाला म्हणून. पोरीला ठाऊक नसेल."

आग लागो त्या हिरव्या रंगाला!

पंधरा दिवसांत झाडं गेली. बाबांनी शब्द दिला होता, ते फिरले नाहीत. आता तिथे खोल्या आहेत, आणि भावाने पाटीवर लिहून घेतलंय, 'केळीच्या पानावर घरगुती जेवण'. पानं कापून, धुऊन द्यायचं काम बाबांकडे.

परवा मी वाढायला गेले होते. मुंबईच्या एका पाहुणीने पानावरून बोट फिरवत बाबांना विचारलं, "काका, हे खरं पान आहे?" माझ्या हातातलं भाताचं पातेलं तिथेच आपटावंसं वाटलं.

बाबा म्हणाले, "हाय, ताई. खरंच हाय."