उसनं शेपूट

खाणीवर तिला सगळे 'छिन्नी' म्हणत. हत्यारामुळे कमी, जिभेमुळे जास्त. पाटीसारख्या दगडाचे थर उकलून आतले लाखो वर्षांपूर्वीचे, दगड झालेले मासे बाहेर काढायचं काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली. वडील गेल्यावर खाण तिच्याकडे आली आणि दुकान धाकट्या भावाकडे.

त्या सकाळी ती दुकानात शिरली आणि दारातच थबकली. संग्रहालयाने मागितलेला मोठा मासा टेबलावर होता. तिने दगडातून काढला तेव्हा त्याला शेपूट नव्हतं. आता होतं.

"हे कुठून उगवलं?"

"ताई, आधी चहा घे."

"चहा गेला खड्ड्यात. शेपूट कुठलं?"

"वरच्या थरात मोडका मासा सापडला होता ना, त्याचं. काय फिट बसलंय बघ! बिनशेपटाचा मासा भिंतीवर बरा दिसतो का?"

तिने पाटीची कड उजेडाकडे वळवली. माशाच्या दगडात रेघा केसासारख्या बारीक, एक फिकी, एक काळी. खाणीच्या जागी एकेकाळी तळं होतं; ते खोल होतं तेव्हा त्याच्या बुडाशी प्राणवायू नव्हता. मेलेला मासा कुरतडायला तिथे किडाही जगत नव्हता. वर्षामागून वर्षं गाळाची पातळ पांघरुणं पडत गेली आणि काटा न् काटा जागच्या जागी राहिला. शेपटाखालच्या रेघा मात्र जाडजूड. तळं उथळ झाल्यानंतरचा गाळ तो.

"अरे शहाण्या, डोकं मेल्यावर हजारो वर्षांनी शेपूट मेलं. तोवर ते एकटंच पोहत होतं काय?"

भाऊ खो खो हसला. तिथेच तिचं टाळकं सटकलं.

"दात काढू नकोस! हा मेल्यावर फुगून वर तरंगला, शेपूट गळालं, मग उरलेला बुडाला. शेपूट नाही, यावरूनच हे सगळं कळतं. तू तेच पुसलंस. उद्या कोणी ही कड बघितली, की बाबांनी काढलेला एकेक मासा खोटा ठरेल."

"कड कोण बघतंय?"

"मी बघतेय!"

रागात हत्यार उचलायचं नाही, ही वडिलांची शिस्त. तिने उचललं. भावाने डिंक मात्र इमानदारीने लावला होता. शेपूट निघालं ते माशाचे शेवटचे मणके घेऊनच. भुगा टेबलभर उडाला.

"झालं समाधान?" भाऊ ओरडला. "मी निदान जोडत होतो!"

ती आणखीच भडकली. तिने फोन उचलून संग्रहालयाला लावला.

"मासा तयार आहे. शेपूट मुळातच नाही. मागचे मणके होते, ते आज माझ्या हातून फुटले. तसंच लिहा आणि लावा, नाहीतर नेऊ नका."

पलीकडच्या बाईंनी विचारलं, फुटले कसे?

"रागाने," ती म्हणाली.