पटवारीभाऊंचा तांबडा बाक

माझ्या हातून आयुष्यात एकच देव घडला, आणि तोही बाक करायला गेलो असताना.

चांदा जिल्ह्यातल्या जंगलाला लागून असलेल्या गावात तेव्हा मी शाळामास्तर होतो. आमचे पटवारी, सगळ्या गावाचे भाऊ, ब्रह्मदेशच्या लढाईतून एक पाय कायमचा ताठ करून घेऊन आलेले. मांडी घालता येत नसे, म्हणून कचेरीत त्यांना खुर्ची. आणि समोर धान पिकवणारे, तळ्यात मासे धरणारे लोक हात जोडून उभे. भाऊंना ते बघवेना. ते उठून बाहेर येत, चिंचेच्या फुगलेल्या मुळावर ताठ पाय पुढे टाकून बसत आणि आलेल्याला शेजारी जागा दाखवत.

"आंदी बस. मंग बोल."

बसल्याशिवाय काम होत नसे.

भाऊ वारले. नवे पटवारी खुर्ची सोडेनात, आणि लोक पुन्हा उन्हात उभे. म्हाताऱ्यांचे फार हाल. तेव्हा गावानं ठरवलं, चिंचेखाली भाऊंच्या नावाचा बाक करायचा. काम माझ्यावर आलं, कारण इतका रिकामा शहाणा गावात दुसरा नव्हता.

सुतारानं सागाचा बाक झकास केला. तिथंच थांबलो असतो तर! पण वाळवी लागू नये म्हणून मी जवसाच्या तेलात गेरू कालवला, तोही हात सैल सोडून, आणि बाकाला स्वतः चोपडला. वर पांढऱ्या रंगात भाऊंचं नाव काढलं. मग काहीतरी समारंभ हवा, म्हणून नारळ फोडला. आता तुम्हीच सांगा, झाडाखाली तांबडी, तेलकट वस्तू, पुढ्यात फुटलेला नारळ. ह्याला आमच्याकडे काय म्हणतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. मास्तरला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावर फुलं आणि उदबत्ती. लोक उन्हातच उभे. फक्त आता देवाकडे पाठ होऊ नये म्हणून तिरपे.

"अहो, बसा की!" मी ओरडलो.

"तुमी बसा, गुर्जी," कोतवाल म्हणाला. "आमाले लेकरंबाळं हायेत."

मी बसलो, चांगला ऐसपैस. उठलो तर धोतराची मागची बाजू तांबडी.

"शिक्का मारला देवानं," मागून कोणीतरी कुजबुजलं.

आणि त्याच आठवड्यात मला हिवताप आला. त्या जंगलात तो सगळ्यांनाच येई, पण हे ऐकतो कोण? मी घोंगडीखाली दात वाजवत पडलो, आणि इकडे माझ्या नावानं बाकापुढे कोंबडं कापलं गेलं. त्यातून मी बरा झालो, हे तर आणखीच वाईट. देव कडक होता तो होताच, आता पावूही लागला.

पुढे भाऊंच्या बाई, नवऱ्याचं शेत नावावर करून घ्यायला, कचेरीत आल्या. गुडघे सुजलेले, सगळा भार काठीवर. पटवारी आत जेवत होते, तेव्हा थांबणं आलं. गर्दीनं आदबीनं वाट दिली.

"बाई, भाऊले हात जोडा," कोतवाल म्हणाला.

"हात? कायले?" बाईंनी बाक खालीवर न्याहाळला. "भाजीत मीठ कमी पडलं का दिवसभर तोंड फुगवून बसे हा मानूस. त्याले देव केलं तुमी? अन् माहे गुडघे उभ्यानं फुटून राह्यले, ते नाई दिसत कोनाले?"

 मी चिंचेची पानं न्याहाळू लागलो.

"जितेपनी लोकायले बसवत गेला तो. आता त्याच्याच नावानं लोकायले उभं ठेवता का रे?"

त्यांनी पदरानं फुलं झटकली आणि बसल्या. हुश्श केलं. मग समोर उभ्या असलेल्या, तळ्यात मासे धरणाऱ्या म्हाताऱ्या ढिवराकडे पाहिलं.

"आंदी बस."

"बाई, ताप..."

"मी बसली ना इथी? मले आला तर मंग तू भे."

म्हातारा कडेला टेकला. त्याला काही होईना, तसा दुसरा टेकला. पटवारी हात धुवायला बाहेर आले तेव्हा बाक भरलेला होता, आणि सगळ्यात टोकाला मी, नव्या धोतरात.

तो गेरू काही लवकर सुटला नाही. कितीतरी दिवस कचेरीतून परतणारा माणूस बाजारात मागून ओळखू येई. पंच्यावर, लुगड्यावर तांबडा डाग. बाईंच्या फिक्या लुगड्यावरचा सगळ्यात ठसठशीत. त्यांनी तो धुतला म्हणे, पण फार घासून नाही.