शेजारच्या सीटवरचा बुधला

मेंदोसा शहरातला म्हातारा न्हावी रोखेलियो घरी बुधल्यातली स्वस्त लाल वाइन सोडा घालून प्यायचा आणि प्रवासातही तीच न्यायचा. ब्वेनोस आयरेसला बहिणीकडे निघताना सामानात काचेचा मोठा बुधला फुटेल म्हणून त्यानं त्याच्यासाठी शेजारच्या सीटचं तिकीट काढलं, त्याला शाल पांघरवली, पट्टा बांधला.

“काकू झोपल्यात का?” बसमधल्या वाढप्यानं हळूच विचारलं.

“हो. हलवू नका, हिंदकळतात.”

जेवणाची दोन ताटं आली. रोखेलियोनं दोन्ही फस्त केली.

पलीकडच्या बाई कडाडल्या, “बायकोला उपाशी ठेवून स्वतः हादडताय? लाज नाही वाटत?”

रोखेलियो ओशाळला. त्यानं शाल बाजूला केली, बूच काढलं आणि बाईंचा पेला भरला.

बाईंनी घोट घेतला. “स्वभावानं गोड आहेत हो,” म्हणत त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.