रॅम रिकामी, खिडकी बंद

सुरगाण्याच्या एका मुलीचा नर्सिंगचा प्रवेश गेल्या शुक्रवारी दुपारी बुडाला. शेवटचा दिवस होता, आणि नाशिकच्या ज्या कचेरीतून तिला जातीचा दाखला मिळायचा, तिथला सर्व्हर बसला होता.

तो सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ मला नेहमी भेटतात. माणूस गोड. सगळ्यांना ताई-दादा करतात, दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घालतात, आणि 'सर्व्हर डाऊन'ची पाटी लॅमिनेट करून तयार ठेवतात.

त्या दुपारी मीही त्याच खिडकीवर होते. "अहो, परवाच एवढी रॅम घातली ना?" मी चिडून विचारलं.

"तिथंच तर घोळ आहे, ताई. सिस्टीम जुनी, बत्तीस बिटची. कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, जागा मोजकीच. रॅम वाढवली की त्या रॅमची नोंद ठेवण्यातच ती जागा जाते. रॅम रिकामी पडून, आणि मशीन बंद!"

"मग वर कळवलंत?"

"कळवून कोणाचं भलं झालंय? त्या रॅमचा नारळ साहेबांनीच फोडलाय."

मुलगी म्हणाली, "मंग दादा, मी आले व्हते, येवढं तरी लिहून द्या."

त्यांनी तिला पाणी दिलं, स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी दिली. दोन ओळी मात्र दिल्या नाहीत.

असल्या गोडव्याची मला चीड येते. तुम्हालाही खिडकीवर 'सर्व्हर डाऊन' ऐकवलं, तर मुकाट घरी जाऊ नका. तारीख-सहीनिशी लेखी मागा, आणि मिळेपर्यंत खिडकी सोडू नका.